वकीलपत्र कोणाच्या हाती होते?
(हैदराबादच्या वाटाघाटींवरील काही ग्रंथांचे परीक्षण)

हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या तेरा महिन्यांविषयी, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या काळाविषयी, ग्रंथ थोडे नाहीत. संस्थानी खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणाचा आपला वृत्तांत १९५६ साली प्रसिद्ध केला व त्यात हैदराबादसाठी तीन प्रकरणे राखून ठेवली. हिंदुस्थान सरकारचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेस राहिलेले कन्हैयालाल मुनशी यांच्या आठवणी १९५७ साली आल्या. निजामाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांचे पुस्तक १९६२ साली कराचीस निघाले, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी १९६७ साली. निजामाचे सेनापती एल इद्रूस यांचे पुस्तक तर त्यांच्या मृत्यूनंतर तीस-बत्तीस वर्षांनी, १९९४ साली बाहेर पडले. हे सर्व ग्रंथ आम्ही अलीकडे एकापाठोपाठ एक वाचले. न्यायालयात एकाच घटनेच्या पाच साक्षी ऐकाव्यात तसा अनुभव आला. प्रत्येक साक्षीदार सुशिक्षित, प्रत्येकाची स्मरणशक्ती चांगली, आणि प्रत्येकाचा स्वतःचाही खटला त्याच साक्षीत गुंतलेला.

कोकणातील व गोमंतकातील वाचकांस हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु गाणगापूरच्या दत्तपादुकांच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू कलबुर्गी जिल्ह्यातून जातो, हुमनाबादेजवळच्या माणिकनगरास जाणारा बीदर जिल्ह्यातून. ज्या माणिकप्रभूंनी तेथे सकलमत संप्रदाय स्थापिला, त्यांच्या गादीपुढे हिंदू व मुसलमान दोघेही नतमस्तक होत आले. अशा या प्रदेशात १९४८ च्या वैशाखापासून आश्विन-कार्तिकापर्यंत काय घडले, हे त्या वाटेने जाणाऱ्याने जाणून घेणे अस्थानी नाही. मराठवाड्यात आणि या सीमाभागात 'रझाकारी' हा शब्द अजून जुलूमजबरदस्ती या अर्थाने बोलण्यात येतो. मुळात रझाकार म्हणजे स्वयंसेवक. शब्दाची अशी अधोगती होण्यास एखादाच उन्हाळा पुरतो.

या ग्रंथांविषयी आमची मुख्य तक्रार अशी, की ते सर्व एकच प्रश्न विचारतात, आणि तो चुकीचा आहे. मेनन व मुनशी विचारतात : निजाम प्रामाणिक होता काय? लायक अली उलट विचारतात : दिल्ली प्रामाणिक होती काय? दोन्ही पक्षांच्या लेखी रझाकार ही एकसंध वस्तू आहे. एका बाजूस ती निजामाच्या हातातील तलवार, दुसऱ्या बाजूस सरहद्दीवरील हल्ल्यांमुळे उठलेली लोकांची प्रतिक्रिया. वकिलाला मात्र तडजोडीचा मसुदा पुढे येताच पहिला प्रश्न सुचतो तो मनाच्या प्रामाणिकपणाचा नव्हे, तर अधिकाराचा. समोर बसलेल्या गृहस्थाचे वकीलपत्र कोणी दिले आहे, आणि त्याने सही केली तर ती कोणावर बंधनकारक होणार आहे? हा प्रश्न घेऊन हेच ग्रंथ पुन्हा वाचले असता त्यांतून निराळीच कथा निघते, आणि ती रझाकारांच्या व त्यांच्या मातृसंस्थेच्या, म्हणजे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनच्या, घरातील भांडणाची आहे.

या कथेचा मध्यबिंदू म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ ची पहाट. छत्रपतींच्या चरित्रातील एखाद्या रात्रीप्रमाणे ती रंगविण्याचा मोह मुनशींसारख्या कादंबरीकारास आवरला नसता. सुदैवाने ते त्या वेळी हैदराबादेस आले नव्हते, आणि मेनन यांनी ती हकीकत सरकारी टिपणाच्या कोरड्या भाषेत दिली आहे. छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर मॉंक्टन व सर सुलतान अहमद या तिघांच्या शिष्टमंडळाने दिल्लीहून 'जैसे थे' कराराचा मसुदा आणला होता. निजामाच्या कार्यकारी मंडळाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केला. निजामानेही मान्यता दिली, मात्र सही दिवसावर दिवस लांबविली. शिष्टमंडळ दिल्लीस निघावयाचे त्या पहाटे तीनच्या सुमारास हजारोंच्या जमावाने या तिघांच्या घरांस वेढा घातला. पोलीस कोठे दिसेनात. अखेर सैन्याने त्यांना बाहेर काढले. शिष्टमंडळाने राजीनामे दिले, छत्तारी पंतप्रधानपदावरून गेले, आणि लौकरच लायक अली त्या जागी आले. नव्या शिष्टमंडळात त्यांचे मेहुणे मोइन नवाज जंग होते.

आता पुढचा भाग पाहावा. नवे शिष्टमंडळ महिनाभर दिल्लीस घासाघीस करीत राहिले आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी करारावर सह्या झाल्या. तो करार म्हणजे, महत्त्वाचा फरक न होता, पूर्वी नाकारलेलाच मसुदा! मेनन यांना येथे दिल्लीच्या खंबीरपणाचा विजय दिसतो, आणि तो तसा होताही. परंतु ज्याने जमाव जमविला त्या कासिम रझवीने मग मिळविले तरी काय? कलमे तर बदलली नाहीत. आमच्या मते त्याने कलमांसाठी तो खटाटोप केलाच नव्हता. सही कोणाच्या हाताची असावी, एवढेच त्याला ठरवावयाचे होते. पंतप्रधान बदलला, शिष्टमंडळ बदलले, आणि आपल्या मर्जीवाचून दिल्लीस कोणी जाऊ शकत नाही ही गोष्ट त्याने सर्वांच्या, विशेषतः स्वपक्षातील प्रतिस्पर्ध्यांच्या, मनावर बिंबविली. वेढा छत्तारींच्या घराला होता, पण धडा इत्तेहादमधील मवाळांना होता.

हे प्रतिस्पर्धी कोण, याचा शोध या ग्रंथांत फारसा लागत नाही. बहादूर यार जंग यांच्या हाती १९३८ पासून संस्थेची सूत्रे होती. वक्तृत्वाने सभा जिंकणारा हा पुढारी जून १९४४ मध्ये अकस्मात वारला, आणि त्याच्या जागी आपला दावा सर्वमान्य करून घेईल असा माणूस संस्थेत उरला नाही. अबुल हसन सय्यद अली अध्यक्ष झाले. ते समजुतीने घेणारे गणले जात. त्यांस टिकू दिले गेले नाही, आणि १९४६ च्या अखेरीस अध्यक्षपद लातूरच्या एका वकिलाकडे गेले. हा वकील म्हणजे कासिम रझवी. अलीगढला कायदा शिकलेला, जिल्ह्याच्या गावी वकिली करणारा हा मनुष्य राजधानीतील नवाबी बैठकीत उपरा होता. त्याचे बळ बैठकीत नव्हते, ते बाहेर रस्त्यावर आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील दलांत होते. ज्याचे बळ असे असेल त्याने वाद बैठकीतून रस्त्यावर ओढून आणावा, यात नवल ते काय? आमच्याच व्यवसायातील एका माणसाने हे करावे याचे वैषम्य मात्र आम्हांस वाटते. त्याला कराराचा अर्थ ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय नाही.

त्याच नोव्हेंबरात रझवी दिल्लीस जाऊन सरदार पटेल यांनाही भेटून आला. म्हणजे खरा धनी कोण आहे याची शंका दिल्लीलाही आली होती. तरीसुद्धा करार झाला तो निजामाशी. त्या कराराची पाच कलमे वाचकाने डोळ्यांखालून घालावीत. जुनी व्यवस्था चालू राहील, एकमेकांचे एजंट नेमले जातील, वाद उपस्थित झाल्यास लवाद होईल, मुदत एक वर्षाची. रझाकार हा शब्दच त्यांत नाही. ज्या दलाने करार महिनाभर अडविला त्या दलाविषयी करार अक्षरही बोलत नाही. दस्तऐवजात पक्षकार नसलेला इसम दस्तऐवज मोडतो, तेव्हा दावा कोणावर लावावा? पुढील दहा महिने दिल्ली व हैदराबाद यांच्यातील पत्रव्यवहार याच एका प्रश्नाभोवती घोटाळत राहिला.

निजामाने स्वतःचा बचाव पुढे मांडला. शरणागतीनंतर, २३ सप्टेंबर १९४८ रोजी, त्याने आकाशवाणीवरून सांगितले, की एका लहानशा गटाने निमलष्करी संघटना उभारून आपल्या पंतप्रधानाच्या व मॉंक्टन यांच्या घरांस वेढा घातला, त्यांस राजीनामे देण्यास भाग पाडले आणि लायक अली मंत्रिमंडळ आपल्यावर लादले. संमती धाकदपटशाने घेतली गेली, असा हा बचाव आहे. कायद्याने तो ग्राह्य आहे, पण तो वेळेवर घ्यावा लागतो. दहा महिने गप्प बसून, दावा हरल्यानंतर घेतलेला बचाव न्यायाधीश कितपत मानील? शिवाय त्या पहाटे शिष्टमंडळाला सोडविण्यास सैन्य गेले होते. म्हणजे सेनापती हुकूम पाळीत होता. रझाकारांचे दल एका फर्मानाने बेकायदा ठरवून ते फर्मान अंमलात आणणे ऑक्टोबर १९४७ मध्ये निजामास शक्य होते. मेपर्यंत ते कठीण झाले आणि ऑगस्टात अशक्यप्राय. आमचा निष्कर्ष असा, की निजाम रझवीचा कैदी होता हे अर्धे खरे आहे. कोठडीची किल्ली बराच काळ त्याच्याच खिशात होती, आणि दिल्लीशी घासाघीस करताना ही कैद आपल्याला उपयोगी पडते असे त्याला वाटत होते.

लायक अलींचे पुस्तक येथे सर्वांत निराश करते. हा माणूस अभियंता व कारखानदार. आकडे व मुदती त्याला नीट कळत. रझवी त्याच्या मंत्रिमंडळात नव्हता, मग त्याच्या संमतीवाचून मंत्रिमंडळ जे करू शकत नव्हते ते काय काय होते? पंतप्रधानाच्या लेखणीतून याचा सरळ खुलासा यावयास हवा होता. त्याऐवजी दिल्लीच्या अन्यायांची टाचणे मिळतात. त्यांतील नाकेबंदीसारखी काही खरी आहेत. पण ती सगळी खरी धरली तरी प्रश्न उरतोच. त्यांच्याच मंत्रिमंडळातील जे. व्ही. जोशी यांनी परभणी-नांदेडकडील अत्याचार पाहून राजीनामा दिला, तेव्हा सरकारचा हुकूम जिल्ह्यात चालत नाही हे पंतप्रधानास लेखी कळले होते.

आणि जिल्ह्यात कोणाचा हुकूम चालत होता? बीदर जिल्ह्यातील गोरटा गाव, बसवकल्याणजवळचे. मे १९४८ च्या दुसऱ्या आठवड्यात तेथे रझाकारांनी गाव लुटले, जाळले व माणसे कापली. मृतांचा आकडा दोनशेच्या आसपास सांगतात. हे हत्याकांड हैदराबादेहून आलेल्या आज्ञेने घडले असे दाखविणारा कागद आमच्या पाहण्यात नाही. एका स्थानिक रझाकार पुढाऱ्याच्या वधाचा सूड म्हणून आजूबाजूची दले जमली, असेच त्या भागात सांगतात. त्याच दिवसांत दिल्लीस जबाबदार राज्यपद्धती, सैन्याची मर्यादा, सार्वमत असल्या विषयांवर मसुदे होत होते. गोरट्याच्या वेशीवर जमलेल्या माणसांस त्या मसुद्यांशी कर्तव्य नव्हते. तालुक्याच्या सालाराची सत्ता ही पाटील, सावकार व पोलीस यांना बाजूस सारून मिळालेली, चार महिन्यांची सत्ता होती. समेट झाल्यास ती प्रथम त्याच्याच हातून जाणार. रझवीने सालारांना भडकविले हे खरेच. परंतु त्याने त्यांना आवरण्याचे मनात आणले असते, तर ते आवरले गेले असते काय? ज्याने वरच्यांची अवज्ञा करून पद मिळविले, त्याला खालच्यांस आज्ञा पाळावयास शिकविता येत नाही.

जून १९४८ च्या मसुद्यात ही गाठ उघड झाली. लॉर्ड माउंटबॅटन २१ तारखेस स्वदेशी परतावयाचे होते, मॉंक्टन पुन्हा मध्यस्थीस आले होते, आणि सरदार पटेलांनी अनिच्छेने का होईना, डेहराडूनच्या रुग्णशय्येवरून संमती दिली होती. हैदराबादला इतक्या उदार अटी पूर्वी कधी मिळाल्या नव्हत्या. पण त्यांत रझाकारांचे टप्प्याटप्प्याने विसर्जन हेही होते. निजामाकडून ऐनवेळी नवे मुद्दे निघाले व मसुदा बारगळला. मेनन हे निजामाच्या हेकटपणावर ढकलतात. आम्ही ते वाक्य निराळे लिहू : या मसुद्यावर सही करणे म्हणजे ज्याच्या हाती वकीलपत्र होते त्याने स्वतःचे पद विसर्जित करणे होते, आणि ज्याचे नाव सहीसाठी होते त्याला ते विसर्जन घडवून आणण्याची ताकद उरली नव्हती.

अशी गाठ केवळ आपल्याच इतिहासात पडली असे नाही. १९२१ साली आयर्लंडच्या प्रतिनिधींस लंडनला धाडताना पूर्णाधिकार दिले, आणि अंतिम मसुदा डब्लिनला विचारावा अशी ताकीदही दिली. त्यांनी ६ डिसेंबरला न विचारता सही केली. डब्लिनच्या प्रतिनिधिसभेने करार ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला, पण स्वातंत्र्यसेना दुभंगली, यादवी पेटली, आणि सही करणारा मायकेल कॉलिन्स आपल्याच देशबांधवांच्या गोळीने पडला. तेथे निदान वाद सभागृहात मोजला गेला होता. हैदराबादेतही सहा विरुद्ध तीन अशी मोजणी झाली होती. ती मोजणारे सभागृह लोकनियुक्त नव्हते आणि तिचे रक्षण करावयास त्या पहाटे कोणी पोलीसही नव्हता.

स्वपक्षाविषयी मोकळेपणाने लिहिण्याच्या बाबतीत स्वामी रामानंद तीर्थांचा ग्रंथ आम्हांस सर्वांत सरस वाटला. हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्ये स्वामीजींचा एक गट व बुर्गुल रामकृष्णराव यांचा दुसरा, ही फूट ते लपवीत नाहीत. सोलापूर, गदग, बेजवाडा येथून सरहद्दीवरील छावण्या चालत होत्या. त्यांतील तरुणांच्या हातीही शस्त्रे होती, आणि तुरुंगातील पुढाऱ्यांचा शब्द छावणीपर्यंत पोचण्यास वेळ लागे. पूर्वेकडे तेलंगणात कम्युनिस्टांची दले होती. सप्टेंबर १९४८ नंतर शस्त्रे खाली ठेवावीत असे रावी नारायण रेड्डी यांच्यासारखा मान्यवर नेता म्हणू लागला, पण लढा मागे घेतला जाण्यास १९५१ चा ऑक्टोबर उजाडला. या दोन्ही गोष्टींची तुलना रझाकारांच्या अत्याचारांशी आम्ही करीत नाही. परंतु शस्त्र एकदा हाती आले की ते खाली ठेवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नातून कोणताही पक्ष सुटला नव्हता, एवढे त्यावरून दिसते.

आता या ग्रंथांतील जी उणीव आम्हांस सर्वांत अधिक बोचते तिच्याकडे वळतो. रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार, हे समीकरण रझवीलाच हवे होते. त्याचा सारा दावा त्यावर उभा होता. ते समीकरण मोडणारी माणसे त्याच समाजात होती. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी पत्रक काढून रझाकारांचे विसर्जन व हिंदुस्थानात सामीलीकरण यांची मागणी केली. त्यांत बाकर अली मिर्झा होते, आणि रझाकारांच्या जुलमाच्या निषेधार्थ महसूल खात्यातील नोकरीचा राजीनामा देणारे फरीद मिर्झा होते. 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हे मत छापले. २१ ऑगस्टच्या रात्री घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांचा हात तोडला गेला, आणि पहाटेस त्यांनी प्राण सोडला. इत्तेहादच्या विचारावर घरातूनच आक्षेप घेणाऱ्याचा हा शेवट होता. मुनशी व मेनन यांच्या ग्रंथांत या प्रसंगास जागा आहे, पण ती रझवीच्या क्रौर्याचा आणखी एक दाखला म्हणून. त्या समाजात दोन पक्ष होते आणि एकाने दुसऱ्याचा खून पाडला, असा अर्थ त्यातून कोणी काढीत नाही.

अर्थ न काढल्याचे परिणाम कागदोपत्री आहेत. १३ सप्टेंबरला सैन्य शिरले, १७ ला युद्धविराम झाला, १८ ला एल इद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यांत खेड्यापाड्यांतून मुसलमानांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबरात दौरा करून सरकारास अहवाल दिला. संस्थानभर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असा तिचा अंदाज होता. सर्वांत अधिक हानी झालेले म्हणून तिने नोंदविलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड. सरदार पटेलांना हा अहवाल एकांगी वाटला आणि तो दीर्घकाळ दप्तरातच राहिला. सामान्य अभ्यासकास तो २०१३ च्या सुमारास उपलब्ध झाला. आकड्यांविषयी वाद घालता येईल. अंदाज तो अंदाजच. पण रझाकारांच्या अत्याचारांची नोंद करणाऱ्याच समितीने हेही नोंदविले आहे, तेव्हा अहवालाचा अर्धा भाग पुरावा म्हणून वाचावयाचा व उरलेला टाकून द्यावयाचा, ही रीत कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही. आमच्या देवस्थानांच्या वाटेवरील गावांतून हे घडले आहे.

ज्यांनी निर्णय घेतले त्यांचे पुढे काय झाले तेही पाहावे. लायक अली मार्च १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. रझवीवर रीतसर खटले चालले. शोएबुल्ला खान खटल्यातील शिक्षा अपिलात टिकली नाही. बीबीनगर येथील दरोड्याबद्दल सात वर्षे झाली. त्या प्रकरणातील विशेष न्यायाधिकरणाची कार्यपद्धती समतेच्या तत्त्वास सोडून आहे काय, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९५३ साली तिघा न्यायमूर्तींनी शिक्षा कायम केली तर दोघांनी विरुद्ध मत दिले. रझवीसारख्यासाठीदेखील दोन न्यायमूर्ती कायद्याच्या काटेकोरपणास्तव भिन्न मत नोंदवितात, ही गोष्ट त्या राज्यघटनेस भूषणावह आहे. १९५७ मध्ये सुटून तोही पाकिस्तानात गेला व १९७० साली कराचीस वारला. बीदर-गुलबर्ग्याच्या खेड्यांत जे कापले गेले, त्यांच्यासाठी असे अपील चालले नाही. गोरट्याच्या मृतांसाठीही नाही.

मराठीत या विषयावर अनंत भालेराव यांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा व मराठवाड्याचा मोठा इतिहास लिहिला, नरहर कुरुंदकरांनी चिकित्सा केली. त्यांच्या पुढचे काम निराळे आहे. गोरट्याच्या वाचलेल्यांच्या जबान्या, सात जणांचे पत्रक, फरीद मिर्झांच्या आठवणी आणि सुंदरलाल समितीचा अहवाल, हे चार कागद मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत, एकाच बांधणीत, तळटिपांसह निघावयास हवेत. दिल्लीच्या बैठकींचे पाच साक्षीदार आम्ही ऐकले. खेड्यातील साक्षीदारांची उलटतपासणी तर दूरच, त्यांची सरतपासणीही व्हावयाची आहे.